पणजीचे दुसरे नाव

घराण्याची वंशावळ जुळवावयास बसले, की नावे घोटाळ्यात पाडतात. पाळण्यातले नाव एक, हाकेचे दुसरे. लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव; परंतु घरचे 'बाळ' हेच पुढे रूढ झाले. मग कागदांचा मेळ बसत नाही म्हणून एक नाव खोटे ठरवून खोडावे काय? मला हे मुळीच पटत नाही. दोन्ही नावे खरीच असतात.

स्त्रियांच्या बाबतीत तर गुंता अधिकच. १८६५ साली जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी त्या ह्याच. त्यांची चरित्रे लिहिली गेली, म्हणून यमुना आपणांस ठाऊक आहे. आमच्या पणजीचे चरित्र कोण लिहिणार? नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तिचे केवळ सासरचे नाव आहे. माहेरचे नाव एकट्या आत्याबाईंना ठाऊक होते, आणि त्यांना विचारावयाचे आम्ही 'पुढच्या सुटीत' म्हणून लांबवीत राहिलो.

मुलांनो, तुमच्या आजीला आज सायंकाळीच विचारा आणि तिची दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहा. आमच्या वंशावळीत त्या जागी अजून नुसती रेघ आहे.