पंधरा दिवसांची सेवा कुणासाठी?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत व्हिएतनामला जाऊन आलेल्या अकरावीच्या मुलांचं कौतुक वाचलं आणि चहा गार झाला. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस दिव्यांग मुलांच्या केंद्रात ‘सेवा’, मग हा लाँगच्या खाडीत बोटीतून फेरफटका, येताना प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडायचं आहे, हे एका मुलाने प्रांजळपणे सांगूनही टाकलंय. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो हे पंधरा दिवस विकणाऱ्यांवर आणि विकत घेऊन देणाऱ्या आईबापांवर.

मी सत्तावीस वर्षं मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवलं (तेव्हा पाटीवर हाच शब्द होता). शर्टाचं एक बटण लावायला शिकवण्यात माझे आठ महिने गेले आहेत. नव्या बाई वर्गावर आल्या की दोन-तीन मुलं आठवडाभर डबा उघडत नसत. आता हिशेब करा. पंधरा दिवसांचा एक गट, म्हणजे वर्षाला चोवीस गट. चोवीस वेळा नवी ताई, नवा दादा, चोवीस वेळा गळ्यात पडणं आणि चोवीस वेळा टाटा. आपल्या धडधाकट मुलाच्या बालवाडीत वर्षाला चोवीस बाई बदलल्या तर हेच पालक मोर्चा नेतील.

त्यात भाषा. व्हिएतनामीत ‘मा’ हा एकच उच्चार सूर बदलला की भूत होतो, आई होतो, भाताचं रोप होतो. ज्या मुलांची जीभ वळत नाही, त्यांचं बोलणं घरच्यांनाही सवयीनेच कळतं. तिथे आमची मुलं पंधरा दिवसांत कुणाशी काय बोलली असतील? फोटो मात्र भरपूर काढले. युद्धात अमेरिकेने केलेली एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाची फवारणी 1971 साली थांबली. तिची फळं भोगणारी घरं तिथे अजून आहेत, आणि तुम्ही अशा एका मुलाचा चेहरा पाऊण पान छापता. पुण्यातल्या मुलाचा छापला असता का, पालकांची सही घेतल्याशिवाय?

परदेशी जाऊच नये असं मी म्हणत नाही. जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष असतं. किमान सहा महिने, बहुधा बारा. आपल्याकडची काही मुलं आधी जर्मन शिकून तिथे जातात, तुटपुंज्या हातखर्चावर राहतात, प्रौढ माणसांना भरवतात, त्यांचे डायपर बदलतात. त्यांना मी मानते. पंधरा दिवसांत डायपर बदलण्याची पाळीच येत नाही, फुगे फुगवून होतात.

आणि इथे? आमच्या सोसायटीतली एक अंध मुलगी बारावीला बसली आहे. तिला लेखनिक हवा, तोही खालच्या वर्गातला, म्हणजे अकरावीचा किंवा त्याआधीचा. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तेव्हा तीन तासांचा पेपर चार तास चालतो. चार तास दुसऱ्याचं ऐकून मुकाट लिहायचं. फोटो नाही, बोट नाही. तिच्या आईने पंधरा घरं पालथी घातली. “आमच्या त्याचा क्लास असतो हो.” एक मुलगा कसाबसा तयार झाला, तर केंद्रावर त्याच्या ओळखपत्राचा शिक्का पुसट म्हणून अर्धा तास अडवून ठेवलं. शिक्का पुसट असेल तर शाळेला फोन करावा; परीक्षा द्यायला आलेल्या मुलीला दाराबाहेर स्टुलावर कसलं बसवता? पुरवणी काढायचीच तर यावर काढा.

तिचे अजून दोन पेपर बाकी आहेत आणि त्या मुलाला गोवर निघालाय. तुमच्या पुरवणीतली मुलं अकरावीचीच आहेत. विचारून पाहाल का? मराठी तर त्यांना येत असेल.

– एक निवृत्त विशेष शिक्षिका, कोथरूड, पुणे