सुईचा गुण आणि सुईची मर्यादा

वसईच्या खाडीकाठचे घोडबंदर हे नावच सांगते की येथे समुद्रापलीकडून घोडे उतरत. पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधला, १७३७ च्या साष्टी मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. घोडा अरबी की देशी, यापेक्षा तो चालतो कसा हे पाहून सौदा करावा, ही व्यापाऱ्यांची रीत. बाहेरून आलेल्या उपचाराचाही सौदा असाच व्हायला हवा. आज घोडबंदर रस्त्यावरची धूळ, ऊन, भोंगे आणि मोडलेली झोप अर्धशिशीच्या रुग्णाला पुरेशी छळते, आणि उपनगरांतून त्याला ॲक्युपंक्चरच्या पाट्याही दिसतात. सुया टोचून घ्याव्यात की नाही?

अर्धशिशी आपल्याला नवी नाही. चरक-सुश्रुतांनी 'अर्धावभेदक' नावाने ती नोंदवली, तिच्यावर नस्य सांगितले. घराघरांत सुंठेचा लेप झाला, सूर्योदयापूर्वी दूध-जिलबीही झाली. यातल्या प्रत्येक उपायाची शपथ घेणारा कोणी ना कोणी भेटतोच. कारण या दुखण्याला भरती-ओहोटी आहे. माणूस उपाय शोधतो तो दुखणे टिपेला पोचल्यावर, आणि टिपेनंतर ते बहुधा आपणहून उतरते. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला मिळते. म्हणूनच 'मला गुण आला' एवढ्यावर कोणतीही पद्धत सिद्ध होत नाही, मग ती आजीची असो वा चीनची.

'हजारो वर्षांची परंपरा' हा ॲक्युपंक्चरचा मोठा दाखला. पण ती परंपरा अखंड नव्हती. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यकाच्या संस्थेतून ॲक्युपंक्चरचे शिक्षण बंद केले. १९२९ मध्ये तेथील सरकारच्या आरोग्य मंडळाने सारे पारंपरिक वैद्यक मोडीत काढायचा ठराव केला. वैद्यांच्या विरोधामुळे तो बारगळला. १९४९ नंतर डॉक्टर थोडे आणि लोक अफाट, म्हणून माओच्या राजवटीने सुईला पुन्हा प्रतिष्ठा दिली. १९७१ मध्ये बीजिंगला अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेले अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांनी नंतरच्या त्रासावर सुयांनी आराम पडल्याचे लिहिले आणि पश्चिमेचे कुतूहल चाळवले. सुईचे नशीब असे बरेचदा राजकारणाने फिरले आहे.

भारतात ती आली मैत्रीच्या वाटेने, आणि त्या वाटेवर एक मराठी नाव आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ते कोलकात्यात सुरू केले. कोटणीसांचे नाव त्यामुळे देशात सुईशी जोडले गेले. पण त्यांचे स्वतःचे काम युद्धभूमीवरच्या शल्यविशारदाचे होते. त्यांच्या त्यागाला वंदन करावे; तो उपचाराचा पुरावा मात्र नव्हे.

पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या कट्टरांची अडचण करणारा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील ९६० रुग्णांच्या चाचणीत दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले ते असे: शास्त्रोक्त सुया घेणाऱ्यांपैकी ४७ टक्के, मुद्दाम भलत्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ३९ टक्के, नेहमीची औषधे घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के. तिन्ही गटांतला फरक ठोस ठरला नाही. २०१६ मध्ये कॉक्रेन संस्थेने २२ चाचण्या एकत्र तपासल्या. खऱ्या सुयांनी शंभरांतल्या ५० जणांचे दुखणे निम्मे झाले, खोट्या सुयांनी ४१ जणांचे. म्हणजे सुई निरुपयोगी नाही, औषधांच्या पंगतीला बसू शकते. पण ॲक्युपंक्चर ज्यावर उभे आहे त्या बिंदू आणि नाड्यांच्या सिद्धान्ताचा वाटा छोटा आहे. अर्धा तास शांत पडून राहणे, कोणीतरी नीट ऐकून घेणे, बरे वाटेल ही आशा, यांचा वाटा मोठा दिसतो. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१२ मध्ये तिला नेमकी जागा दिली: प्रतिबंधक औषधे लागू पडत नसतील किंवा चालत नसतील, तर पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठकी.

आपल्याकडे पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला. महाराष्ट्राच्या २०१५ च्या कायद्याने नोंदणीची आणि परिषदेची तरतूद केली. पण नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे. ती फक्त सुई धरणारा हात कोणाचा, हे सांगते.

रुग्णाने म्हणून क्रम चुकवू नये. आधी डॉक्टरकडून निदान. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, बोबडी वळणे, हातापायांतली ताकद जाणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांत सुयांकडे नव्हे, थेट रुग्णालयात जावे. ॲक्युपंक्चर घ्यायचेच तर नोंदणीचा क्रमांक विचारावा, एकदाच वापरायच्या सुया आपल्यासमोर फोडायला लावाव्यात, दुखण्याची वही ठेवावी. दहा बैठकींत वहीतले दिवस घटले नाहीत तर थांबावे. चालू औषधे कोणाच्या सांगण्यावरून परस्पर सोडू नयेत.

आणि मागणी शासनाकडे: भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी डोकेदुखीचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा. खाजगी दवाखान्यात सुयांबरोबर जो वेळ आणि जे लक्ष विकत मिळते, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळाले पाहिजे.