धुकं आहे, डिपरवर या!

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या ग्रुपला ट्रेकचे वेध लागतात. कुणीतरी शुक्रवारी दुपारी, म्हणजे ऑफिसमध्ये काम करायचा मूड नेमका संपतो त्या वेळी, मेसेज टाकतो : 'नाणेघाट? सनराइज?' मग काय, पहाटे पावणेपाचला ठाण्यातून गाडी सुटते. पाठीवरच्या सॅकची तयारी आदल्या रात्री चोख झालेली असते. थर्मास, थेपले, टॉर्च, एक्स्ट्रा मोजे, सगळं. गाडीची तयारी म्हणजे पेट्रोल भरलं की झालं!

हिवाळ्यात गाडीला वेगळं काय लागतं, असं मलाही वाटायचं. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? टायरला साखळ्या वगैरे बांधायच्या त्या मनालीला. पावसाळ्याआधी आपण गाडीचे किती लाड करतो. वायपर, ब्रेक, गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग. हिवाळा म्हणजे गाडीचाही सुट्टीचा सीझन, असाच आपला समज.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात हा समज उतरला. मुरबाड मागे पडलं होतं, सरळगाव यायचं होतं. सहा वाजले असतील. शहाडचा पूल ओलांडल्यापासून गोवेलीपर्यंत रस्ता स्वच्छ होता, त्यामुळे मी निवांत सत्तर-ऐंशीवर होते. मग शेतांच्या बाजूनं दुधासारखं काहीतरी रस्त्यावर आलं. मागच्या सीटवरून 'वॉव' असा आवाज आला, कुणीतरी मोबाइल काढला. मला रस्ता नीट दिसेना म्हणून मी हेडलाइट अप्परवर टाकला, आणि समोर चक्क पांढरी भिंत उभी राहिली. घाबरून पाय ब्रेकवर गेला, एवढंच नशीब. कारण त्या भिंतीतून पुढच्याच क्षणी पेंढ्याचा एक डोंगर बाहेर आला. ट्रॅक्टरची ट्रॉली. गाडी थांबली तेव्हा पेंढ्याच्या काड्या बॉनेटला लागत होत्या.

ट्रॅक्टरवाला उतरून मागे आला. मी ओरडायच्या तयारीत होते : मागे लाइट नको? रेडियम नको? त्यानं शांतपणे लोंबणारा पेंढा हातानं वर केला. खाली दोन लाल रेडियमच्या पट्ट्या होत्या, एक दिवाही होता. 'ताई, तुमचा लाइट मला कवाच दिसला होता,' तो म्हणाला, 'तुम्हालाच मी दिसलो नाय.' 

यावर काय बोलणार?

तर बॉस, आपला हिवाळा हा असा आहे. गाडी गोठत नाही, फक्त दिसायचं बंद होतं. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर थंड होते, सह्याद्रीच्या उतारावरची गार हवा खाली घसरून काळू आणि भातसा नद्यांच्या खोऱ्यात साचते, आणि शेतातला ओलावा धुकं होऊन तिथेच बसून राहतो. शहापूर तालुक्यात तर तानसा, भातसा, मोडकसागर असे मुंबईला पाणी पाजणारे तलावच आहेत. ओलाव्याला तोटा नाही. त्यात वीटभट्ट्यांचा धूर. ठाण्यात पंखा चालू असतो आणि तासाभराच्या अंतरावर ही परिस्थिती! शिवाय हे धुकं सलग नसतं. चढावर रस्ता मोकळा, उतरून ओढ्याच्या पुलाशी आलात की गुडुप. म्हणूनच ते फसवतं.

आणि त्या धुक्यात आपण एकटे नसतो. दूधवाले बाइकवर दोन्ही बाजूंना कॅन लावून निघालेले असतात. जळणाची मोळी डोक्यावर घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेनं एका रांगेत चालतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर बिऱ्हाड हलवलेली आदिवासी कुटुंबं, पोरांसकट, अंधारातच कामाला लागलेली असतात. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार. घोंगड्या घ्यायच्या तर तिथेच. त्या दिवसांत मुरबाड-कर्जत रस्त्यावर तुमच्यापुढे बैल असणार हे धरूनच चाला. बैलाला टेललाइट नसतो.

आता थोडं गणित, कॉमर्सवाल्यांनाही जमेल असं. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर, तसेच जातात. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले तरी साधारण ३५ मीटर. एकूण जवळजवळ सत्तर. ताशी ४० ला हाच हिशोब पंचवीस-सव्वीस मीटरवर येतो. धुक्यात पुढचा तीस मीटरचा रस्ता दिसत असेल तर स्पीड किती ठेवायचा, ते सांगायला नको. त्या दिवशी मी गणितात नापास होते, वाचले ती उगाच.

आता गाडीकडे वळू. सगळ्यात आधी काच, आणि तीही आतून! बाहेरची आपण रोज पुसतो. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकचा आणि आपल्या श्वासांचा एक तेलकट थर बसलेला असतो, तो दिवसा जाणवत नाही. बोट फिरवून बघा. ओल्या कपड्यानं पुसून मग कोरड्या वर्तमानपत्रानं घासली की जातो. कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता जवळपास सरळ पूर्वेला जातो. डोंगरामागून सूर्य वर आला की थेट तुमच्या डोळ्यांत, जरा उजवीकडून. हिवाळ्यात तो बराच वेळ खालीच रेंगाळतो. तेव्हा तो तेलकट थर असा काही चमकतो की धुकं परवडलं. गॉगल फक्त फोटोपुरता नसतो, तो तेव्हा लागतो.

वायपरचं रबर पावसाळ्यात चार महिने घासलं जातं आणि ऑक्टोबर हीटमध्ये कडक होतं. पहाटेचं दव आणि रस्त्याची धूळ मिळून काचेवर चिखलाचा लेप बसतो. कडक वायपर तो फक्त पसरवतो. ब्लेड बदला, टाकीत वॉशरचं पाणी भरा. फार्महाउसवर मुक्काम केलात की सकाळी अख्खी गाडी दवानं न्हालेली असते. अशा वेळी ड्रायव्हरसमोर थाळीएवढा गोल पुसून निघणारे महाभाग मी पाहिलेत (एकाशी माझं लग्न ठरता ठरता राहिलं). सगळ्या काचा पुसा, आरसेही. आत चौघांच्या श्वासानं काच धुरकटली तर हवा बाहेरून घ्या आणि एसी चालू करून गरमवर ठेवा. एसी हवेतली ओल काढतो, काच मिनिटभरात साफ होते. आतल्याच हवेवर फिरवत राहिलात तर काच पुसायला एक माणूस लागेल.

लाइटबद्दल मात्र मी तुमचं डोकं खाणार आहे. धुक्यात डिपर. अप्परचा प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून परत तुमच्याच डोळ्यांत येतो, माझी पांढरी भिंत ती हीच. फॉगलॅम्प असतील तर लावा. खाली बसवलेले आणि रुंद पसरणारे असतात म्हणून ते उपयोगी. पिवळाच रंग धुकं फाडतो, ही समजूत बरीचशी अघळपघळ आहे. आणि बंपरवर एलईडीचा लखलखता पट्टा बसवून देणाऱ्या दुकानदाराला नम्रपणे नमस्कार करून घरी या, त्यानं समोरचा आंधळा होतो.

नव्या गाड्यांत तर एक गंमतच आहे. पुढे दिवसा पेटणाऱ्या त्या स्टायलिश पट्ट्या चालू असतात, डॅशबोर्डही झगमगत असतो, आपल्याला वाटतं लाइट लागलेत. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंद असतात! लाइट 'ऑटो'वर ठेवून निश्चिंत बसलात तरी पांढऱ्या धुक्यातला उजेड बघून सेन्सर म्हणतो, दिवस उगवला की. त्यामुळे स्विच हातानं फिरवा. निघण्याआधी कुणाला तरी गाडीमागे उभं करा, टेललाइट आणि ब्रेकलाइट पेटतात का बघायला. चारही इंडिकेटर एकदम लावून गाडी चालवू नका. तुम्ही वळणार की थांबलात, हे मागच्याला कळतच नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी. आणि थांबायचं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर, डिकीतला तो लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवून. कधी उघडलाय का तो? माझा प्लॅस्टिकमध्येच होता.

टायरचं प्रकरण शहापूरच्या बाजूला जास्त महत्त्वाचं. दुपारी गरम टायरमध्ये मोजून ३३ भरलेली हवा पहाटेच्या गारठ्यात तीसच्या आसपास येते. पंप बिचारा खोटं बोललेला नसतो. हवा नेहमी थंड टायरमध्ये बघा, स्टेपनीचीही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आतून तापतो. कसारा घाटात ट्रकमागे रांगत जाताना हे खपून जातं. पण जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून शहापूरवरून आपण १२० च्या वेगानं जातो. सिमेंटचा रस्ता, तासन्‌तास एकच स्पीड. या महामार्गावर टायर फुटून किती अपघात झालेत, ते आपण पेपरात वाचतोच. टायरची नक्षी झिजली असेल किंवा बाजूला फुगवटा असेल तर हवेचा प्रश्नच नाही, टायर बदला.

बॅटरीचं थोडक्यात : तिला मारतो आपला उन्हाळा, पण मेल्याचं कळतं थंडीत. तीन-चार वर्षांची असेल तर निघण्याआधी तपासून घ्या. माहुलीच्या पायथ्याशी रात्री आठ वाजता धक्का मारायला कुणी नसतं.

आमच्या ग्रुपनं त्यानंतर एकच मोठा बदल केला. आता ठाण्यातून निघायचं साडेसहाला. मुरबाडला उतरून चहा आणि मिसळ, रस्त्यापलीकडचं झाड नीट दिसेपर्यंत दुसरा चहा. साडेआठपर्यंत बहुतेक वेळा धुकं उठतं. नाणेघाटाचा सनराइज अर्थातच हुकतो, आणि त्यावरून दर वेळी कुरकुर होते. मागच्या खेपेला तर एकानं चहा पिता पिता 'तू म्हातारी झालीस' असं सुनावलं. मी त्याला गाडीमागे उभं केलं आणि म्हटलं, ब्रेकलाइट बघ.