भिंती उभ्या राहिल्या, आता डॉक्टर टिकवा!

पेडणेकरांनो, डिचोलीकरांनो, मध्यरात्री घरातल्या कुणाच्या छातीत कळ आली, तर गाडी कुठे वळवाल? उत्तर आपल्याला पाठ आहे. म्हापसा, नाहीतर थेट बांबोळी. हरमल, मोरजी, इब्रामपूर, साळ, मये, लाटंबार्से, कुठूनही निघा, वाट शेवटी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे गोमेकॉच्या, कॅज्युअल्टीतच संपते. तेरेखोलच्या माणसाला तर आधी केरीची फेरीबोट गाठावी लागते, ती नसेल तर सिंधुदुर्गातून वळसा. सावंतवाडी-दोडामार्गाचे रुग्णही बांबोळीकडेच येतात. मग तिथे खाट मिळाली नाही, रांग सरकली नाही, की आपण डॉक्टरांवर चिडतो. पण ही गर्दी बांबोळीत तयार होत नाही. तालुक्यात ज्यांच्यावर उपचार होऊ शकले असते, त्यांना पुढे पाठवावे लागते, म्हणून ती होते.

2011च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे 75 हजार होती, डिचोलीची सुमारे 98 हजार. त्यानंतर पेडण्यात मोपाचा विमानतळ आला, जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. महामार्ग रुंदावला, किनाऱ्यावर हॉटेले वाढली, धारगळला आयुर्वेद संस्था उभी राहिली. माणसे वाढली, वाहने वाढली, अपघात वाढले. याच पेडण्यात तुयेला 100 खाटांच्या हॉस्पिटलची इमारत उभी राहिली, आणि रुग्णांची वाट पाहत वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. ते सुरू करा, ठरल्याप्रमाणे गोमेकॉशी जोडा, म्हणून 2025 मध्ये पेडणेकर रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाची मागणी नीट समजून घ्यायला हवी. लोकांना फक्त कुलूप उघडून नको होते. गोमेकॉशी नाते हवे होते, कारण त्या नात्यामुळे डॉक्टर येतात आणि टिकतात.

डॉक्टर तालुक्यात का टिकत नाही? ‘त्यांना शहर हवे, पैसा हवा,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहा. तालुक्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रात एकच सर्जन नेमला, तर तो चोवीस तास, बारा महिने कॉलवर. भूलतज्ज्ञ नसेल, तर त्या सर्जनचे हात बांधलेले. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण रक्त साठवण्याची सोय नाही, मग अवघड बाळंतपण दिसताच रेफरची चिठ्ठी लिहायची. दहा-बारा वर्षे घासून मिळवलेले कौशल्य चिठ्ठ्या लिहिण्यात गंजते. त्यात नेमणूक कंत्राटी, मुदत संपत आली की पुढचे काही ठाऊक नाही. राहायला धड क्वार्टर नाही. असा माणूस वर्षभरात खासगी हॉस्पिटलचा फोन घेतो, यात नवल काय? एकटा बैल जुंपून नांगर चालत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही.

हे दुखणे एकट्या गोव्याचे नाही. केंद्र सरकारच्याच 2021-22च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या ग्रामीण सामाजिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे 80 टक्के तज्ज्ञ कमी होते. पण गोवा छोटा आहे, आणि इथे हा प्रश्न सुटण्याजोगा आहे. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा आज गोमेकॉ चालवते. एके काळी इथे शिकलेले डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत जाऊन सेवा देत. समुद्रापार डॉक्टर पाठवणाऱ्या गोव्याला बांबोळीहून तुयेपर्यंत आणि डिचोलीपर्यंत डॉक्टर पाठवता येऊ नयेत?

वाट ठाऊक आहे. पहिली गोष्ट, गोमेकॉशी जोडणी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावेच लागते. 100 खाटांचे तुये त्यासाठी तयार का करू नये? गोमेकॉचे प्राध्यापक आठवड्याचे ठरलेले दिवस तुयेत आणि डिचोलीत ओपीडी आणि शस्त्रक्रिया करतील, त्यांच्यासोबत निवासी डॉक्टर येतील, तर स्थानिक डॉक्टर एकटा पडणार नाही. त्याचे शिकणे थांबणार नाही. हृदयविकारासाठी गोव्यात ‘स्टेमी’ योजना चालते, तिचे तत्त्वही हेच. लांबच्या केंद्रात ईसीजी काढायचा, गोमेकॉतला तज्ज्ञ तो पाहतो, आणि गुठळी विरघळवणारे औषध तिथल्या तिथे देता येते. हृदयासाठी जे जमले, ते बाळंतपणासाठी, हाड मोडलेल्या रुग्णासाठी का जमू नये?

दुसरी गोष्ट, आपल्या मुलांची. खेड्यात वाढलेला विद्यार्थी डॉक्टर झाल्यावर खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2010 पासून सांगितले आहे. जपानने 1972 मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ सुरू केले. तिथे प्रांताप्रांतातून मुले निवडतात. शिक्षणाचा खर्च प्रांत उचलतो, आणि त्या मुलाने नऊ वर्षे आपल्या प्रांतात सेवा दिली की तो फेडावा लागत नाही. कोरगावची, पार्सेची, साखळीची, पिळगावची मुले अशीच शिकवता येतील.

तिसरी गोष्ट, मान. जून 2025 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी गोमेकॉत कॅमेऱ्यांसमोर एका डॉक्टरला खडसावले आणि निलंबनाचा हुकूम सोडला. राज्यभरातले डॉक्टर पेटून उठले. मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असे जाहीर केले, मंत्र्यांना माफी मागावी लागली. राज्याच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात हे घडू शकते, तर तालुक्याच्या केंद्रात रात्रपाळीला एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरणीला काय वाटत असेल? तक्रार करण्याचा हक्क रुग्णाला आहेच. पण ती लेखी करावी, चौकशीतून जावी. कॉलर धरून, मोबाइल रोखून डॉक्टर सुधारत नाही, तो निघून जातो. ही जबाबदारी मंत्र्यांइतकीच आपलीही आहे.

आपले मुख्यमंत्री डिचोली तालुक्यातल्या साखळीचे, स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर डॉक्टर. त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. तरीही सांगूया, मोठ्याने आणि एकत्र. आपली मागणी नेमकी हवी. तुये गोमेकॉशी जोडल्याचा लेखी आदेश निघावा. तुये आणि डिचोली, दोन्हीकडे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांची कायमस्वरूपी पदे जाहिरात देऊन भरावीत, आणि प्रत्येक विषयात किमान दोघे असावेत. आवारात राहण्याजोगी क्वार्टर्स आणि रात्रीची सुरक्षा हवी. आणि कोणती पदे भरली, कोणती रिकामी, याचा फलक दर महिन्याला दारावर लागावा.

फीत कापली म्हणून लढा संपला असे मानू नका. उद्घाटनाच्या दिवशी दहा डॉक्टर दिसतील, वर्षभराने किती उरले ते मोजायचे आहे. म्हणून पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि या मागण्यांचा ठराव मांडा. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या प्रत्येक पंचायतीने, पालिकेने तो मंजूर करून आरोग्य खात्याला पाठवावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे माहिती हक्काखाली विचारा, आणि उत्तर गावाच्या फलकावर लावा. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला पक्ष न पाहता हाच प्रश्न विचारा. आणि गावात नवा डॉक्टर आला, तर आपला माणूस म्हणून त्याच्या पाठीशी उभे राहा, घर शोधायला मदत करा, मुलाला शाळा मिळवून द्या. हॉस्पिटल सरकार बांधते, पण त्यातला डॉक्टर गाव टिकवते. चला, कामाला लागूया.