आईच्या खांद्यावरची पिशवी

मैत्रिणींनो, गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? हिंदी सिनेमातला श्रीमंत बाप, हिरवंगार मैदान आणि मागून पिशवी घेऊन चालणारा पोऱ्या! हा खेळ आपल्यासारख्यांचा नव्हे, मुलींचा तर नव्हेच, अशी आपण मनाशी खूणगाठ बांधलेली असते. म्हणूनच आज बंगळूरच्या अदिती अशोकबद्दल लिहिते आहे. तिच्याबद्दल, आणि तिच्या आईबद्दलही.

अदितीचा जन्म २९ मार्च १९९८ चा. घरात गोल्फ कुणालाच येत नव्हता. आईवडील नाश्त्याला जात त्या उपाहारगृहातून गोल्फचं मैदान दिसायचं. पाच वर्षांच्या पोरीला त्याचं कुतूहल वाटलं. एखाद्या घरी ‘आधी समोरचं संपव’ एवढ्यावर विषय मिटला असता. इथं आईवडील तिला घेऊन मैदानावर गेले. तिनं हातात काठी धरली ती आजतागायत सोडलेली नाही. वडीलही तिच्याबरोबर खेळ शिकले.

खेळ दिसायला सोपा, बरं का! छोटा चेंडू काठीनं मारत मारत अठरा होलमध्ये घालायचा. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला. पण यात समोरचा कुणी चेंडू टाकत नाही की अडवत नाही. चुकलं तर आपलं आपणच चुकलं! अदिती काही फार लांब फटका मारणारी नाही. तिचं खरं कसब होलजवळ आल्यावर दिसतं. तिथं जोर नको, नजर आणि धीर हवा. हा धीर तिनं लहानपणापासून रोजच्या सरावानं कमावला. २०१६ साली ती व्यावसायिक खेळाडू झाली, अठराव्या वर्षी रिओ ऑलिंपिकला गेली आणि त्याच वर्षी महिलांची इंडियन ओपन स्पर्धा जिंकली.

गोल्फमध्ये खेळाडूची पिशवी उचलणाऱ्याला कॅडी म्हणतात. पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. रिओत हे काम वडिलांनी केलं. तोक्योला मात्र पिशवी घेतली आईनं, महेश्वरीबाईंनी! ऑगस्ट २०२१ मधलं जपानचं ऊन, चार दिवस रोज अठरा होलची पायपीट आणि खांद्यावर ते ओझं. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच अदितीला कोरोना होऊन गेला होता, अंगातली ताकद कमी झाली होती. जागतिक क्रमवारीत ती २०० वी होती. तरी तीन दिवसांनंतर ती दुसऱ्या स्थानावर होती! ७ ऑगस्टच्या सकाळी, ज्यांनी जन्मात गोल्फ पाहिला नव्हता, अशी घरंच्या घरं टीव्हीपुढं बसली. शेवटी ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्यानं हुकलं.

त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भाल्यात सुवर्णपदक मिळवलं आणि साहजिकच सगळीकडं त्याचंच कौतुक सुरू झालं. अदिती पुन्हा सरावाला लागली. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी तिची सात फटक्यांची आघाडी निसटली, पण रौप्यपदक मिळालं. त्या स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. एवढी आघाडी हातची गेल्यावर दुसरी कुणी खचली असती. हिनं दुसऱ्याच महिन्यात स्पेनमध्ये स्पर्धा जिंकली!

आता तुम्ही म्हणाल, ‘अहो, एवढा पैसा आणायचा कुठून?’ खरं आहे. गोल्फ महागडाच आहे, आणि तो तुमच्या मुलीनं खेळावा असं मी म्हणतच नाही. पण मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथं पालकसभेला आया भेटतात. ‘बाई, हिला खो-खोचं भारी वेड. पण आता आठवी आली, बंद करणार आहोत.’ खो-खोला कुठं पैसे लागतात? तिथं अडतं ते दुसरंच. मुलगी मोठी झाली, घरी यायला उशीर होतो, उद्या त्याचा उपयोग काय!

तेव्हा मैत्रिणींनो, ‘बंद’ म्हणण्याआधी एवढं करून पाहा. एक दिवस स्वतः मैदानावर जाऊन बसा, तिचा खेळ बघा. त्याचे चार नियम तिच्याकडूनच शिकून घ्या. संध्याकाळी उशीर होत असेल तर सरांशी बोलून सकाळची वेळ मागा, किंवा दोघी-तिघी आयांनी आणायला जायची पाळी लावा. आणि ती हरून आली तर पहिला प्रश्न ‘कितवी आलीस?’ असा नको. गरम गरम खायला द्या, तिचं ती सांगेल.

महेश्वरीबाईंनी मुलीच्या वाटचा फटका मारला नाही, तो मारताही आला नसता. त्या पिशवी घेऊन तिच्याबरोबर चालल्या. तेवढं तर आपल्याला जमेल, नाही का?