वाटाण्याच्या रोपाची गोष्ट

मागच्या महिन्यात बोनकोड्यातल्या आमच्या शेजारच्या वहिनी काळजीत पडून घरी आल्या. कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाला आपल्या आजीवर लघुपट काढायचा होता. त्यासाठी भारी कॅमेरा हवा, दिवे हवेत आणि त्यापायी वडिलांनी कर्ज काढावे, असा त्याचा हट्ट. ‘‘भाऊजी, तुम्हीच समजवा आता,’’ वहिनी म्हणाल्या.

मी त्याला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तोवर गाठीचे संपले होते. भांडवल देणाऱ्याला पटवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म खर्ची घालत त्याची वाढ टिपली. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वेल वर चढला. ना नट, ना देखावा; पण या माध्यमाची ताकद पाहणाऱ्याला कळली आणि पैसा उभा राहिला.

‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघेही रंगवले.

मुलगा हुशार. म्हणाला, ‘‘पण काका, फाळक्यांनीही विम्याची पॉलिसी गहाण टाकूनच कॅमेरा आणला ना?’’

प्रश्न बिनतोड होता. गरिबीचे गोडवे गाण्याचा मोह आपल्याला फार. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले आणि १९४४ साली नाशकात फाळके गेले ते ओढगस्तीतच, हे आपण सोयीने विसरतो. टंचाईने कलावंत घडत नाही. फाळके छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग शिकून तयार होते, म्हणून टंचाईतही त्यांना वाट सुचली. शिवाय कॅमेऱ्यावाचून त्यांचे पाऊलच पुढे पडले नसते. म्हणून मी त्याला एवढेच म्हणालो, ‘‘तुझ्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. तुझे नेमके कशावाचून अडले आहे, ते आधी बघ.’’

महिनाभर तो रोज सकाळी खिडकीच्या उजेडात आजीसमोर फोन घेऊन बसला. परवा त्याने आम्हाला तो लघुपट दाखवला. आजी सुपात तांदूळ निवडते आहे. आपले शेत कुठे होते, असे नातू विचारतो. १९७० नंतर इथली भातशेती नव्या शहरासाठी गेली. दाखवायला काही उरलेले नाही. आजी सुपातल्या तांदळातच बोटाने बांध काढते. ‘‘हा आपला, हा धाकट्या दिराचा...’’ आणि मग सूप हलवून सगळे मोडून टाकते.

दिव्यांचा ताफा असता, तर त्याने बहुधा तिला दारात खुर्चीवर बसवून बोलती केली असती.

शेजारचे कर्ज टळले, याचा मला आनंद आहेच. पण त्याच्या पुढच्या चित्रपटाला खरोखरच दिवे लागतील, तेव्हा ते त्याला मिळावेत, हेही मला तितकेच वाटते. काटकसर कलावंताने आपण होऊन पत्करावी. त्याच्यावर ती लादून वर आपण तिचे कौतुक करू नये.