गरोदरपणात फ्लूची लस

परवा डोहाळजेवणात एकीनं हळूच विचारलं, "सासूबाई फोनवर नको म्हणतात, काय करू?" (माझी डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, तरी लोक विचारतातच!) अहो, गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन सासूबाईंनीही घेतलंच असेल. फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यानं फ्लू होत नाही. दंड दुखेल, दिवसभर कणकण वाटेल, इतकंच. पण गरोदरपणात खरा फ्लू छातीत उतरला तर फार जड जातो. शिवाय आईची प्रतिकारशक्ती वारेतून बाळाला मिळते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. इंग्लंडमध्ये २०१० पासून सर्व गरोदर स्त्रियांना, कोणत्याही महिन्यात, ती फुकट मिळते. रीडिंगकरांनो, सप्टेंबर लागला की जी.पी.कडे किंवा मिडवाइफकडे विचारा. सासूबाईंना धनुर्वाताची आठवण द्या, मात्र गोडीनं.